दहा हजार फुटांखालची काकवी

विमानानं आपणहून नाक वर केलं, तेव्हा मी काकवीबद्दल बोलत होतो.

हे वाक्य कंपनीला द्यायच्या जबाबात लिहायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. त्या एका ओळीपायी मी समडोळीला घरी येऊन नऊ दिवस नुसती चिडचिड करत बसलो होतो.

मी भरतेश मगदूम. वय एकोणतीस. एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या खुर्चीतला वैमानिक. डाव्या खुर्चीत कॅप्टन बसतो. गावाला हा फरक मान्य नाही. एसटी स्टँडवर माझा फ्लेक्स आहे, 'गगनभरारी घेणारे समडोळीचे सुपुत्र'. त्यावर मी एवढासा, आणि फ्लेक्स लावणारे सातजण माझ्या दुप्पट. मागं छापलेलं विमान लढाऊ आहे. ते मी आजवर उडवलेलं नाही, हे सांगून सांगून थकलो आणि नाद सोडला.

फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं ते सांगतो. या नोकरीत रोज नवा माणूस शेजारी बसतो. कोण कुणाबरोबर उडणार हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि आज ज्याच्या शेजारी बसून तुम्ही जीव मुठीत धरून वादळातून गेलात, तो पुन्हा वर्षभर दिसत नाही. दिवसभर इंग्रजी. संध्याकाळी हॉटेल, नाहीतर दिल्लीजवळचा चौदाव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, जिथं दार उघडलं की फ्रिजचा आवाज येतो. सहा वर्षांत मी मराठी बोललो ते फोनवर. फोनवर आई विचारते, जेवलास का. जेवलो. झालं. मला फार एकटं वाटायचं. पण फ्लेक्सवरच्या माणसानं असं बोलायचं नसतं, म्हणून मी कुणाला बोललो नव्हतो.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारच्या फ्लाइटला कॉम्प्युटरनं माझ्याशेजारी कॅप्टन नलवडेंना बसवलं. वय चौसष्ट, आधी हवाई दलात मालवाहू विमानं चालवलेली, मिशा पांढऱ्या आणि इस्त्री केल्यासारख्या. पासष्ट पूर्ण झाली की नियमानं उडणं बंद. त्यांचे पाच महिने उरले होते. सगळं बोलणं तोलूनमापून इंग्रजीत. मी मनात म्हटलं, आणखी एक.

निघायच्या आधी माझं पेन खुर्चीखाली गेलं. मी वाकून पुटपुटलो, "आता ह्ये कुठं कडमडलं?"

 डाव्या खुर्चीतून आवाज आला, "कुठलं रं तू?"

"सांगलीकडचा, सर. समडोळी."

"मी मलकापूरचा. कराडचं." मग म्हणाले, "सर काय लावलंयस? आमच्यात मला समदी नाना म्हंत्यात."

त्यानंतर आम्ही दोन तास बोललो. दहा हजार फुटांच्या वर बोलायला बंदी नसते. उसाची लागण, कराडच्या संगमावरची भेळ, सैन्यात गेलेले त्यांचे चुलते, आमच्या शेतातली हळद. त्यांनी मला विचारलं की समडोळीत अजून बैलं कुणाकडं आहेत, आणि मी खरोखर एकेक घर आठवून सांगितलं. त्यांच्या बायकोचं नाव विजयमाला. तिच्याबद्दल बोलताना ते 'हुती' म्हणाले, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. सहा वर्षांत मी एवढा आनंदात नव्हतो. हे आता लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

आता नियम सांगतो, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे. विमान दहा हजार फुटांखाली आलं की कॉकपिटमध्ये कामापलीकडं एक शब्दही बोलायचा नाही. उतरून, जाग्यावर उभं राहून, पार्किंग ब्रेक लागेपर्यंत तोंडाला कुलूप. दहा हजारला नानांनी बोलता बोलता तळहात वर केला. पुरे. मी गप्प झालो.

आठ-दहा सेकंद गप्प होतो. मग डोक्यात आलं की वीस मिनिटांत उतरणार, ते त्यांच्या वाटेनं, मी माझ्या, आणि पुन्हा गाठ पडेपर्यंत हे रिटायर झालेले असणार. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं नाना, पण तुमच्याकडं गुऱ्हाळावर काकवी अजून मिळती का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मिळती की. पर तुमच्यावानी घट्ट न्हाई."

आमच्याखाली दुसरी विमानं होती, म्हणून जमिनीवरच्या कंट्रोलनं आम्हाला बराच वेळ उंच ठेवलं आणि मग अचानक धावपट्टीकडं वळवलं. धावपट्टीजवळून एक रेडिओ किरण तिरका वर सोडलेला असतो. ऑटोपायलट तो पकडतो आणि त्याच्या आधारानं विमान खाली आणतो. हा किरण खालून येऊन पकडायचा असतो. कारण खऱ्या किरणाच्या वर खोटेही असतात, ते कुणी सोडलेले नसतात, त्या यंत्रणेत आपोआप तयार होतात, आणि वरून आलं तर ऑटोपायलटला खोटाही खराच वाटतो. म्हणून उजव्या खुर्चीतल्या माणसानं अंतर आणि उंची ताडून पाहायची आणि मोठ्यानं सांगायचं की आपण वर आहोत. तेवढंच माझं काम होतं. मी त्या वेळी सांगत होतो की भाकरीवर काकवी घेताना आधी भाकरीत खळगा करायचा असतो, नाहीतर ती ताटभर पळते.

समोर हिरवी अक्षरं उमटली. किरण सापडला, पण तो खोटा होता, आणि खोट्यात वर-खालचे इशारे उलटे असतात. आणि उतरणारं विमान चढायला लागलं.

इंजिनं मंद होती आणि नाक वर जात होतं, आणखी वर, आणखी वर. समोर धावपट्टी नाही, शहर नाही, नुसतं आभाळ. वेगाचा आकडा भराभर खाली येत होता.  नानांनी ऑटोपायलट बंद केला, नाक दाबून खाली आणलं, इंजिनांना जोर दिला, आणि आम्ही न उतरता पुन्हा वर गेलो. सगळं मिळून अकरा सेकंद. मागं एकशे बहात्तर माणसं होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटलं असेल की हवा खराब आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही व्यवस्थित उतरलो. आता दोघंही अगदी नियमाप्रमाणं गप्प होतो. पार्किंग ब्रेक लावल्यावर नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "थँक यू, फर्स्ट ऑफिसर." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते पुन्हा इंग्रजीत गेले होते.

कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र शेवटचे दोन तासच जपून ठेवतं. आमच्यानंतर तेच विमान दुसरे वैमानिक घेऊन गेले आणि आमची काकवी पुसली गेली. विमान कसं हललं याची नोंद मात्र राहिली. तिसऱ्या दिवशी ती कंपनीत कुणीतरी पाहिली आणि आम्हा दोघांना घरी बसवलं. चौदा दिवसांत लेखी जबाब द्यायचा होता.

'खोटा किरण पकडला गेला' एवढंच लिहिलं असतं तरी त्यात खोटं काही नव्हतं. सगळं यंत्रावर ढकलून मोकळं होता आलं असतं. बोलण्याचं लिहिलं तर नानांचे शेवटचे पाच महिने जाणार, आणि इतक्या वर्षांच्या नावाला जाता जाता डाग लागणार. माझीही कॅप्टनकी लांब जाणार. नाना काय लिहिणार आहेत हे कळलं असतं तर सोपं होतं, पण ते फोन उचलत नव्हते. मी सात वेळा केला होता.

घरी सांगितलं, रजा आहे. आई खूश, पर्युषणात मुलगा घरी. तिचं दहा दिवस एकाशन चाललं होतं, दिवसातून एकदाच जेवायची आणि मला मात्र चार वेळा वाढायची. गावात जो भेटेल तो विचारायचा, काय पायलट, इमान कुठं लावलं? मी हसायचो. चौदाव्या मजल्यावर मी एकटा होतोच, पण गावात भरल्या माणसांत तोंड मिटून फिरताना जास्त एकटा पडलो.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, मात्र शंका आली. आठव्या दिवशी सकाळी ते मला नदीवरच्या मोटरीकडं घेऊन गेले. पेटी उघडून तारा बघत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, आमच्या विमानाचा घोळ झालाय. ऑटोपायलटनं भलतंच केलं."

"आटो?" अण्णांनी पेटीतल्या स्विचवर बोट ठेवलं. आमच्याकडं वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. मोटर ऑटोवर टाकून ठेवली की वीज आली की ती आपोआप सुरू होते. "आसलं आटो?"

"तसलंच समजा."

अण्णा खाली बसले. "आवंदा चैतात मी आटोवर टाकलं आन बांधावर कृष्णातसंगं बोलत बसलो. त्याच्या पोरीला स्थळ आलं हुतं. लाईट आली, मोटर चालू झाली, पाटाला भगदाड हुतं, समदं पाणी कृष्णातच्याच रानात. त्यो बी बघतुया, मी बी बघतुया, आन दोघं बी बोलतुया. गुडघाभर झालं तवा उठलो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तवा तुमी काय करत हुता?"

माझ्या वडिलांनी आजवर विमानात पाय ठेवलेला नाही. कंपनीच्या तीन पानी पत्रात जे विचारलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात विचारलं. मी म्हटलं, "बोलत होतो." अण्णांनी पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी होती. पर्युषण संपलं की आम्ही जैन एकमेकांना क्षमा मागतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, उत्तम क्षमा. हल्ली हे व्हॉट्सॲपवर उरकतं. आईनं फुलांचा फोटो घातलेला निरोप सगळ्यांना पाठवला, डेअरीवाल्याला पाठवला आणि स्वयंपाकघरातून मलाही पाठवला. मी चिडून म्हटलं, "आई, मी इथं बसलोय ना?" ती म्हणाली, "आसू दे की. राहायला नको."

मंदिरात मात्र प्रत्यक्ष हात जोडावे लागतात. मी रांगेनं म्हणत गेलो, कळत-नकळत, कळत-नकळत, आणि चौथ्या-पाचव्या माणसापाशी अडकलो. नकळत नव्हतं ते. नानांचा हात वर गेलेला मला दिसला होता. मला कळत होतं आणि तरी मी बोललो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या लालासाहेब चौगुलेंना वाटलं की मी फारच धार्मिक झालोय.

घरी येऊन शेल्फावरची काकवीची बाटली घेतली आणि सांगलीहून कराडची एसटी धरली. फोनवर जबाब लिहायला बसलो. पेठनाक्यापर्यंत लिहून झाला. दहा हजार फुटांवर कॅप्टननी हात वर करून बोलणं थांबवलं होतं, ते मी मोडलं, आणि बोलण्याच्या नादात उंची सांगायची माझ्याकडून राहिली; चूक माझी. नाव लिहिलं आणि पाठवून दिला. बरं वाटलं. नानांना आता काही होणार नव्हतं.

मलकापुरात विचारत विचारत गेलो; हायवेच्या आतल्या अंगाला त्यांचा बंगला होता. बेल वाजवली. खूप वेळानं दार उघडलं. मिशा तशाच, पण अंगात बनियन आणि हातात चहा गाळायची गाळणी. आत सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल होतं. पाच खुर्च्यांवर वर्तमानपत्रांच्या चळती होत्या, एक मोकळी होती.

"येस?" म्हणाले.

मी हात जोडले. "उत्तम क्षमा, सर. आज आमच्यात क्षमा मागायचा दिवस असतो. मी तुम्हाला नियम मोडायला लावला."

 त्यांनी एका खुर्चीवरची चळत उचलून खाली ठेवली आणि म्हणाले, "बस."

चहा दिला. सांगत गेले ते मोजकंच. विजयमालाबाईंना जाऊन चार वर्षं झाली. मुलगी सृष्टी कॅनडात, रविवारी व्हिडिओ कॉल करते. फोन का उचलत नव्हतात, असं मी विचारलं. म्हणाले, "तू मला इचारलं आस्तंस काय लिवू. मग मला खोटं बोलाय लागलं आस्तं." उठून एक कागद आणला. त्यांच्या जबाबाची प्रत होती, चार दिवसांपूर्वी पाठवलेली. लिहिलं होतं, दहा हजार फुटांखाली मी स्वतः घरगुती विषय काढला आणि फर्स्ट ऑफिसरला बोलण्यात गुंतवून ठेवलं. त्याला त्याचं काम करू दिलं नाही. सर्व जबाबदारी माझी.

"हे खोटं आहे," मी ओरडलोच. "तुम्ही हात वर केला होता!"

"माजं पाच म्हैनं ऱ्हायल्यात. तुजी पस्तीस वर्सं. हिशोब कर."

"मी पण पाठवलाय. आत्ता, एसटीतनं. मी सुरू केलं म्हणून."

"गाढवा!" नाना खरोखर भडकले. कप बशीत आपटला. "कुणी सांगितलं हुतं तुला? रेकॉर्डिंग न्हाई, काय न्हाई! दोघं बी बुडालो की आता!" एवढं बोलून ते एकदम खाली बसले. आवाज उतरला. "आन खोटं न्हाई ते. हात वर केला, खरं हाय. पर मनात म्हंत हुतो, ह्यो पोरगा गप बसू ने. चार वर्सात माज्याशी कुणी आसं बोललं न्हवतं रं. तू काकवीचं काडलंस तवा मला लय बरं वाटलं. कॅप्टन मी हुतो. एक शबुद बोललो आस्तो तर तू थांबला आस्तास. मी सांगत बसलो, घट्ट आन पातळ."

 मी काकवीची बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून तिरकी केली, आतली काकवी किती सावकाश सरकते ते पाहिलं, आणि म्हणाले, "घट्ट हाय."

चौकशी आठवड्यानं झाली. चौकशी करणाऱ्या बाईंनी दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवले होते. त्या वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत दुसऱ्यानं सुरू केलं असं लिहिणारे खूप पाहिले. तुम्ही दोघंही मीच म्हणताय. दोन्ही खरं कसं असेल?" नाना खिडकीकडं बघत होते. मी म्हटलं, "दोन्ही खरं आहे, मॅडम." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

नानांना पुन्हा विमान मिळालं नाही. निवृत्त होणाऱ्या कॅप्टनच्या शेवटच्या फ्लाइटला प्रवाशांना सांगतात, टाळ्या होतात, विमानावर पाण्याची कमान धरतात. त्यांच्या वाट्याला एक ईमेल आला. मला तीन महिने घरी बसवलं, पुन्हा ट्रेनिंग दिलं आणि कॅप्टनकी दोन वर्षं पुढं ढकलली. ट्रेनिंगमध्ये तोच खोटा किरण सतरा वेळा दाखवला. प्रत्येक वेळी मी मोठ्यानं म्हटलं, आपण वर आहोत.

जानेवारीत मी पुन्हा उडायला लागलो. पहिल्या दिवशी शेजारी जयराज नावाचे कॅप्टन होते. माणूस सज्जन, अडीच तासांत हवामानापलीकडं बोलले नाहीत. दहा हजार फुटांखाली मी गप्प होतो. खरं सांगायचं तर वरही गप्पच होतो. अंतर, उंची, वेग तेवढा नीट मोठ्यानं सांगितला, आणि ऑटोपायलटनं विमान सरळ धावपट्टीवर आणून दिलं. ती तारीख मला पाठ होती. त्या दिवशी नाना पासष्ट वर्षांचे झाले.

विमान रिकामं झालं. जयराज कॅप्टन गुड डे म्हणून गेले. मी कागद आवरत एकटाच बसलो होतो आणि फोन चालू केला, तर लगेच वाजला.

"उतरलास?" नानांचा आवाज आला. विमानं दिसणारं ते ॲप उघडून बसले असणार, माझ्या लक्षात आलं.

"उतरलो, नाना."

"पार्किंग ब्रेक लावलास?"

"लावला."

"मग आता बोल," नाना म्हणाले.